विश्लेषण : १४ तारखेचाच गुलाब महाग का? कमी खर्चात ‘व्हॅलेंटाइन डे’ कसा साजरा करता येईल?

फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरत आला की मोबाइलवर एकच मारा सुरू होतो. ७ तारखेला ‘रोझ डे’, मग ‘प्रपोज’, ‘चॉकलेट’, ‘टेडी’, ‘प्रॉमिस’, ‘हग’, ‘किस’ आणि अखेर १४ तारखेचा ‘व्हॅलेंटाइन डे’. बहुतेक दिवसांना एक वस्तू जोडलेली आणि प्रत्येक वस्तूवर एक ‘ऑफर’. महिन्याला वीस-बावीस हजार रुपये हाती येणाऱ्या, त्यातून खोलीचे भाडे, गावी पाठवायचे पैसे आणि दुचाकीचा हप्ता भागवणाऱ्या तरुणाने वा तरुणीने हा आठवडा जाहिरातीत दाखवतात तसा साजरा करायचा ठरवले, तर महिनाअखेरीआधीच उसनवारीची वेळ येते. साजरा केला नाही, तर आपण कुठे तरी कमी पडलो ही बोच राहते. या दिवशी नेमके काय महाग होते, ते कोणामुळे होते आणि हात आखडता असलेल्या जोडप्यांना त्यातून मार्ग कसा काढता येईल, याविषयी...

हा दिवस खर्चाचा कधी झाला?

संत व्हॅलेंटाइनच्या नावाचा हा दिवस प्रेमाशी जोडला गेला तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ या काव्यात या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडायला जमतात, अशी कल्पना आहे. त्यानंतर कित्येक वर्षे हा दिवस प्रामुख्याने हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा होता. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशात कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि कारखान्यातल्या कामगारांपासून घरकाम करणाऱ्या मुलींपर्यंत अनेकांना प्रेमाची चिठ्ठी धाडणे परवडू लागले. हा दिवस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला, तो स्वस्त झाल्यामुळे.

खर्च वाढला तो नंतर. १८४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एस्थर हाउलँड या तरुणीने लेस आणि रंगीत कागद लावलेली शुभेच्छापत्रे बनवून विकायला सुरुवात केली. १८६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड कॅडबरी यांनी चॉकलेटसाठी हृदयाच्या आकाराचे डबे बाजारात आणले. भारतात १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्चीज’ची शुभेच्छापत्रे आधी आली, १९९० च्या दशकात आर्थिक उदारीकरण आणि केबल टीव्हीने हा दिवस महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर आणला. तेव्हाही खर्च एका कार्डाचा आणि एका फुलाचा होता. दिवसाचा ‘आठवडा’ झाला, त्यात हॉटेल, सहल, दागिने आणि मोबाइल आले, ते गेल्या दीड-दोन दशकांत. हा खर्च ‘परंपरेने’ आलेला नाही, एवढे लक्षात ठेवले तरी मनावरचे ओझे बरेच उतरते.

१४ फेब्रुवारीला गुलाब महाग का होतो?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात सापडते. तळेगाव दाभाडे आणि पवनेच्या खोऱ्यात पॉलिहाउसमध्ये गुलाबाची मोठी शेती होते. ‘टॉप सिक्रेट’ हा लाल वाण ‘व्हॅलेंटाइन डे’साठी सर्वाधिक मागणीचा. फुले जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हाती यावीत, यासाठी डिसेंबरमध्येच झाडांची छाटणी करून तारीख साधली जाते. थंडी जास्त पडली तर कळी उशिरा येते, ऊन वाढले तर लवकर फुलते. चार-पाच दिवसांची चूकसुद्धा हंगाम वाया घालवू शकते. काढलेली फुले शीतगृहात ठेवतात, दांड्याच्या लांबीनुसार त्यांची प्रतवारी होते आणि वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधल्या जातात. लांब दांड्याची फुले आधी परदेशी जातात. मग दिल्ली, मुंबई, हैदराबादसारख्या देशांतर्गत बाजारांत माल येतो.

एकाच दिवसासाठी सगळ्यांना एकच रंग हवा असतो आणि फूल साठवून ठेवण्याला मर्यादा असते. त्यामुळे भाव चढतो. यात उत्पादकाला दोष देता येणार नाही. पॉलिहाउसचे कर्ज, खते, मजुरी आणि वर्षभरातले मंदीचे महिने यांची भरपाई त्याला या दोन-तीन आठवड्यांत करायची असते. शिवाय ग्राहक जे मोजतो, त्यातले बरेचसे पैसे चकचकीत कागद, फीत, सजावट, घरपोच सेवा आणि मधल्या हातांना जातात.

कमी खर्चाचा मार्ग यातूनच निघतो. पुष्पगुच्छाऐवजी एकच दांडा घ्यावा. लांब दांड्यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. पेल्यात ठेवायचा तर तो कापावाच लागतो. दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात सकाळी लवकर गेल्यास तेच फूल चौकातल्या दुकानापेक्षा बहुधा स्वस्त मिळते. दोन दिवस आधी आणलेले फूल टिकवायचे असेल, तर पाण्यात बुडणारी पाने काढावीत, दांडा तिरका कापावा आणि पाणी रोज बदलावे. लाल गुलाबाचाच आग्रह नसेल, तर निशिगंधाच्या चार काड्या दोन-तीन दिवस घरभर दरवळतात आणि त्यांना ‘व्हॅलेंटाइन’चा भाव सहसा लागत नाही.

त्या रात्रीचे हॉटेलचे बिल का फुगते?

हॉटेलांमध्ये रोजच्याच खुर्च्या असतात. ग्राहक मात्र १४ तारखेला रात्री आठ ते दहा या दोन तासांतच एकदम येतात. त्यामुळे अनेक ठिकाणी त्या दिवशी नेहमीचे मेन्यूकार्ड बाजूला ठेवून ‘जोडप्यासाठी ठरावीक मेन्यू’ लावला जातो किंवा किमान अमुक रुपयांचा खर्च करावाच लागेल, अशी अट घातली जाते. मेणबत्ती, फुगे आणि एक छोटा केक यांची किंमत त्यात धरलेली असते. ही अट बेकायदा नाही. पण ती टेबलावर बसण्यापूर्वी विचारून घ्यावी.

बिल हाती आल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. तो देणे ऐच्छिक आहे. बिलातून काढायला सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दोन हजारांच्या बिलावर १० टक्के म्हणजे २०० रुपये. तेवढ्यात दोघांचा नाश्ता होतो.

सगळ्यात मोठी बचत तारीख आणि वेळ बदलण्यात आहे. तेच हॉटेल, तोच पदार्थ आणि तोच जोडीदार १४ तारखेच्या दुपारी किंवा १६ तारखेच्या संध्याकाळी कमी पैशांत आणि कमी गर्दीत मिळतो. टॅक्सीचेही तसेच. अॅपवरील भाडे मागणीप्रमाणे वाढते. रात्री दहाला सगळे एकदम घरी निघतात तेव्हा ते चढलेले असते. गर्दीच्या वेळेला दिलेली ही किंमत जेवणाची चव वाढवत नाही. उलट, बाहेर रांग लागलेली असल्याने टेबल लवकर रिकामे करण्याची घाईच वाट्याला येते.

‘नो-कॉस्ट ईएमआय’वर भेट घ्यावी का?

‘व्हॅलेंटाइन सेल’मधला सर्वात मोहक शब्द म्हणजे ‘नो-कॉस्ट ईएमआय’. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. व्याज कुठे तरी भरले जातेच. एक तर रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्त्याने घेणाऱ्याला मिळत नाही किंवा व्याजाइतकी रक्कम किमतीत आधीच धरलेली असते. त्यावर प्रक्रिया शुल्क असते, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो.

क्रेडिट कार्डाचे बिल थकले तर गणित अधिक कडू होते. अनेक कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला ३ ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के असते. समजा, एखाद्याने ६ हजार रुपयांची भेट घेतली आणि बिल आल्यावर ‘किमान देय’ म्हणून ५ टक्के, म्हणजे ३०० रुपयेच भरले. उरलेल्या ५,७०० रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज सुमारे २०० रुपये, त्यावर जीएसटी धरून सुमारे २३५ रुपये होते. भरलेल्या ३०० पैकी जेमतेम ६५ रुपयेच मूळ रकमेतून कमी झाल्यासारखे आहे. त्यातच थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे किराणा आणि पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. दिवाळी आली तरी फेब्रुवारीतल्या भेटीचे पैसे फिटत नाहीत, ते यामुळे.

याच काळात ‘मोफत गिफ्ट’, ‘व्हॅलेंटाइन कूपन’ अशा नावांच्या लिंकही व्हॉट्सअॅपवर फिरतात. अनोळखी लिंक उघडून बँकेचा तपशील वा ओटीपी देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

महाग भेटीने नाते घट्ट होते का?

अर्थतज्ज्ञांनी या प्रश्नाकडे आकड्यांतून पाहिले आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भेट मिळालेल्यांना ‘भावनिक मूल्य बाजूला ठेवून या वस्तूची किंमत तुमच्या लेखी किती’, असे विचारले असता, देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेपेक्षा ती १० टक्क्यांपासून एक तृतीयांशपर्यंत कमी भरली. वस्तू घेणाऱ्याच्या कामाची नसेल, तर त्यातील पैशाचा एक भाग कोणालाच न मिळता वाया जातो, हा त्याचा अर्थ. जोडीदाराला काय हवे हे न विचारता घेतलेला मोठा टेडी बेअर दहा बाय दहाच्या खोलीत कपाटावर चढतो आणि तिथेच धूळ खातो, ते हेच.

अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या अँड्र्यू फ्रान्सिस-टॅन आणि ह्यूगो मियालॉन यांनी विवाहित वा पूर्वी विवाह झालेल्या तीन हजारांहून अधिक जणांची माहिती तपासली. अंगठीवर आणि लग्नसमारंभावर जितका जास्त खर्च, तितके घटस्फोटाचे प्रमाण सर्वसाधारणपणे जास्त, असे त्यांना दिसले. खर्चामुळेच नाते तुटले, असे यावरून म्हणता येत नाही. हा केवळ एकत्र आढळणाऱ्या दोन गोष्टींचा संबंध आहे आणि तो अमेरिकेतील आहे. परंतु ‘जितका खर्च मोठा, तितके प्रेम टिकाऊ’ हा जाहिरातींचा दावा त्यातून सिद्ध होत नाही, एवढे निश्चित.

बेताच्या उत्पन्नातल्या जोडप्यांची खरी अडचण कोणती?

गुलाब नसला तरी चालतो, पण निवांत बसायला जागा लागतेच. मुंबईतील बीडीडी चाळींची एक खोली १६० चौरस फुटांची. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहतात. एका खोलीत आई-वडील, भाऊ, वहिनी आणि मुले असतील, तर प्रेमात पडलेल्यांनाच काय, लग्न होऊन दहा वर्षे झालेल्यांनाही तासभर मनातले बोलायला घरात कोपरा मिळत नाही. वसतिगृहात वा कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची तीच गत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कॅफेत टेबल घेतो, मोटारीत बसतो, रिसॉर्टवर जातो. कॅफेतल्या दोनशे रुपयांच्या कॉफीत शंभर रुपये खुर्चीचे असतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर, वांद्र्याच्या बँडस्टँडवर, रंकाळ्याच्या वा फुटाळ्याच्या काठावर शेकडो लोकांच्या गर्दीत पाठ करून बसतो.

त्या जागेवरूनही उठवले जाण्याची भीती असते. कधी संस्कृतीरक्षक म्हणवणारे येतात, कधी गणवेशातील कोणी हटकतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेले आणि ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ या कलमाखाली दंड केला. ही माणसे हॉटेलच्या खोल्यांत होती. टीकेनंतर तत्कालीन पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी बागेत, चौपाटीवर एकत्र बसणे हा गुन्हा नाही. ती विवाहित आहेत की नाहीत, याने फरक पडत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० लागू होते ते सार्वजनिक ठिकाणी केलेल्या अश्लील किंवा असभ्य कृत्याला. वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र जवळ असू द्यावे. कोणी ‘घरी फोन करतो’ असे धमकावून पैसे मागितले, तर पावतीशिवाय देऊ नयेत, मागणाऱ्याचे नाव विचारावे आणि गरज पडल्यास ११२ वर संपर्क साधावा.

हा प्रश्न जोडप्यांवरच सोडून चालणार नाही. अनेक शहरांत पालिकेची उद्याने भर दुपारी बंद असतात. दिव्यांची सोय नसल्याने संध्याकाळीही लवकर बंद होतात. बाके, दिवे, स्वच्छतागृह आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उघडे फाटक एवढे दिले, तरी हजारो जोडप्यांचा, तसेच वृद्धांचा आणि अभ्यास करणाऱ्या मुलांचाही खर्च वाचेल. प्रेमाच्या दिवशी गस्त वाढवण्यापेक्षा उद्यानाची वेळ वाढवणे पालिकांना आणि पोलिसांना अधिक शोभेल.

पाचशे रुपयांत दोघांचा दिवस कसा होईल?

मुंबईत उपनगरी लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आहे. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत पायी जाता येते. माणशी ५० रुपये तिकीट, म्हणजे दोघांचे १००. पेंग्विन, वाघ आणि जुनी झाडे पाहण्यात तीन तास सहज जातात. (बुधवारी बाग बंद असते.) तिथून संध्याकाळी चौपाटीवर भेळ किंवा भुर्जी-पाव खाऊनही पाचशेची नोट पूर्ण मोडत नाही. पुण्यात स्वारगेटहून पीएमपीच्या बसने सिंहगडाचा पायथा गाठावा, गड पायी चढावा आणि वर पिठले-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही खावे. सुट्टीच्या दिवशी गडावर झुंबड असते, तेव्हा पहाटेची बस धरलेली बरी.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी एसटी आहे. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते. त्यामुळे तरुण-तरुणीच्या प्रवासाला दीड तिकीट पुरते. फेब्रुवारी हा त्यासाठी चांगला महिना. उन्हाचा तडाखा सुरू झालेला नसतो, वाई-पाचगणीच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, शिवारात ज्वारी, हरभरा उभा असतो. भाजून घेतलेल्या हरभऱ्याच्या डहाळ्या आणि उसाचा रस यांना कोणी ‘व्हॅलेंटाइन स्पेशल’ म्हणत नाही, म्हणून ते अजून परवडतात.

छत्रपती संभाजीनगरच्या जोडप्यांना ‘बीबी का मकबरा’ घराजवळ आहे. सतराव्या शतकातील ही वास्तू औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची कबर असून ती शहजादा आझमशहाने आईसाठी उभारली, असे मानले जाते. ताजमहालाचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख रुपये सांगितला जातो, तर मकबऱ्याचा खर्च ६ लाख ६८ हजार रुपयांच्या आसपास नोंदवला गेला आहे. पैसे कमी होते म्हणून संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्यालाच लावला, बाकीचे काम चुन्याच्या गिलाव्यात झाले. त्यावरून त्याची ‘गरिबाचा ताज’ म्हणून थट्टा होते. तरीही माणसे आजवर तिथे जात राहिली आहेत. तिकीट २५ रुपये आहे.

‘घरीच साजरा करू’ हे खरेच स्वस्त असते का?

लग्न झालेल्या, मुले असलेल्या जोडप्यांमध्ये हा पर्याय सर्वाधिक सुचवला जातो. पैशांच्या हिशेबात तो स्वस्तच. पण ‘बाहेर कशाला, घरीच काही तरी छान कर ना’ या वाक्यात कर्ता कोण, हे पाहावे लागते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. अशा घरात ‘खास जेवण’ म्हणजे तिच्यासाठी आणखी दोन तास ओट्याशी. हॉटेलचे वाचलेले हजार रुपये तिच्या श्रमातून आलेले असतात.

घरी साजरा करायचाच, तर कामाची अदलाबदल ही त्या दिवसाची भेट होऊ शकते. भाजी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे त्याने करावे. त्याला वरण-भात-बटाट्याची भाजीच येत असेल तर तेच जेवण. शेजारच्या मावशींकडे किंवा आजीकडे मुलांना दोन तास सोपवता आले, तर पुष्पगुच्छापेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल. कामानिमित्त एक जण पुण्यात आणि दुसरा लातूरला, अशी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी कुरिअरने पाठवलेल्या वस्तूपेक्षा घाई नसलेला तासभराचा फोन आणि पुढच्या भेटीचे काढून ठेवलेले एसटीचे तिकीट उपयोगाचे.

बजेटविषयी बोलायचे कसे?

पैशांचा विषय काढला तर प्रेम कमी आहे असे वाटेल, ही भीती दोन्ही बाजूंना असते. मुलानेच खर्च करायचा, या समजुतीमुळे तो उधार घेतो. तिला ते कळत असूनही, विचारले तर त्याला कमीपणा वाटेल म्हणून ती गप्प बसते. दोघांपैकी एकाचा पगार जास्त असेल, तर कमी पगाराचा माणूस बरोबरीची भेट देण्यासाठी ओढाताण करून घेतो. महिनाअखेरीला या न बोललेल्या गोष्टीच भांडणाच्या रूपाने बाहेर येतात.

साधा उपाय म्हणजे आठवडाभर आधी एक आकडा दोघांनी मिळून ठरवणे. दोघांची मिळून एका दिवसाची कमाई ही त्याची वरची मर्यादा मानावी. महिन्याला वीस हजार मिळवणाऱ्याची एका दिवसाची कमाई साडेसहाशेच्या आसपास होते. दोघे तेवढेच कमावत असतील, तर तेराशे रुपयांपुढे जायचे नाही. शिकणाऱ्यांनी घरून आलेल्या पैशांतून मेसचे आणि प्रवासाचे आधी बाजूला काढावेत. उरले त्यात चहा बसत असेल, तर चहाच. खर्च आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा, ईएमआय आणि उधारी दोन्ही वगळावीत. ‘मला हे झेपणार नाही’ हे वाक्य जोडीदारासमोर बोलता येते का, याची परीक्षा पुढे घरभाडे, आजारपण आणि मुलांच्या फीच्या वेळी होणारच असते. ती फेब्रुवारीतच झालेली बरी.

पुढे काय?

बाजार पुढच्या वर्षीही ७ तारखेपासूनच सुरू होईल. मावळातला शेतकरी डिसेंबरमध्ये छाटणी करील आणि त्याच्या फुलाला चांगला भाव मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. ग्राहकाने एक फूल घ्यावे आणि बाकीचा दिवस आपल्या सोयीने, आपल्या तारखेला, आपल्या पैशांत ठरवावा. स्थानिक प्रशासनाने मात्र हे लक्षात घ्यायला हवे, की ज्यांच्याकडे स्वतःची खोली नाही अशांचे शहर मोठे आहे. त्यांना बसायला बाक, डोक्यावर दिवा आणि कोणी हटकणार नाही याची खात्री मिळाली, तर १४ फेब्रुवारीच काय, वर्षातली कुठलीही संध्याकाळ त्यांना परवडेल.